मास्तर, तुम्ही कुणाकडं बघून शिकवता?

नॅकची टीम येणार म्हटलं की कॉलेजच्या भिंतीला रंग लागतो, संडासाला कडी लागते आणि विद्यार्थ्याला तोंड फुटतं. फुटतं म्हणजे फोडलं जातं. तीन वर्षं ज्याला 'ए, मागचा' एवढीच हाक मिळाली त्याला लॅबमध्ये नेऊन कॉम्प्युटरसमोर बसवतात आणि गोड आवाजात सांगतात, बाळा, मोकळेपणानं मत दे. पाठीशी क्लार्क उभा. क्लार्कच्या पाठीशी विभागप्रमुख. आणि समोर फळ्यावर खडूनं लिहिलेलं : सगळीकडं चार भरा.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. कॉलेजचं नाव लिहीत नाही. तुम्ही तुमच्या कॉलेजचं घाला, वाक्य अडायचं नाही.

2017 साली नॅकनं जी नवी चौकट आणली तिच्यात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आलं. शब्द बघा. समाधान! भाकरी मिळाली का ते नाही विचारत, ढेकर आला का विचारतात. पहिला प्रश्न, वर्गात अभ्यासक्रम किती शिकवून झाला. पंच्याऐंशी ते शंभर टक्के झाला असेल तर चार, तीस टक्क्यांच्या खाली असेल तर शून्य. किती शिकवला हे विचारलंय. किती पोचला, आणि कुणापर्यंत पोचला, ते मास्तरलाही नको, व्यवस्थेलाही नको. पुढं आणखी एक प्रश्न आहे आणि तो वाचून मला हसावं का रडावं कळेना : शिक्षक इंटर्नलचं मूल्यमापन न्यायानं करतात का? वा रे वा. प्रश्न तर सोन्यासारखा. पण उत्तर कुठं द्यायचं? इंटर्नल देणाऱ्याच्या नजरेखाली, त्याच्याच लॅबमध्ये, त्याच्याच माउसवर बोट ठेवून!

पोरगं चार भरतं. का भरणार नाही? इंटर्नलचे मार्क ह्याच हातात. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर सही ह्याच हाताची. होस्टेलला पत्र हाच देणार, उद्या दाखला काढायचा तर ह्याच्याच दारात उभं राहायचं. ज्याचा बाप नाक्यावर उभा राहून दिवसाचं काम शोधतो त्या पोराला तुम्ही विचारता, मुकादम कसा आहे रे? आणि मुकादम शेजारी विडी ओढत बसलाय.

ह्या विषयावर दोन जातीची माणसं बोलतात. एक गुरुर्ब्रह्मावाले. त्यांच्या मते शिष्यानं गुरूचं मोजमाप करणं हेच पाप. दुसरे नवे धंदेवाले, ज्यांनी युनिव्हर्सिट्या काढल्यात आणि एसी वर्गात बसवून लाखांनी फी घेतात. ते म्हणतात विद्यार्थी आमचा ग्राहक, त्यानं स्टार द्यावेत. पहिल्याला भक्त पाहिजे, दुसऱ्याला गिऱ्हाईक. भक्त देवाला मार्क देत नाही आणि गिऱ्हाईक माल आवडला नाही तर दुकान बदलतं. आमचं पोरगं ना भक्त, ना त्याच्या खिशात दुसऱ्या दुकानाचे पैसे. त्याचं काय?

आता आपल्या घरात येऊ. कारण हा लेख त्यांच्यासाठी नाहीच.

आपले एक ज्येष्ठ प्राध्यापक आहेत, चळवळीत नाव आहे, मी त्यांचा आदर करतो. एका शिबिरात मी हा विषय काढला तर ते उसळले. पोरांना काय कळतं? बाबासाहेबांनी कधी फॉर्म वाटले होते का? टाळ्या पडल्या. बाबासाहेबांचं नाव आलं की टाळ्या पडतात, मग पुढचं वाक्य काहीही असो.

सर, बाबासाहेबांनी फॉर्म नाही वाटले. 1918 साली ते सिडनहॅम कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा तिथल्या काही सहकाऱ्यांना त्यांनी पाण्याच्या भांड्याला हात लावलेला खपत नव्हता. आणि त्याच काळात दुसऱ्या कॉलेजातली पोरं परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसत. तो फीडबॅक होता. पायांनी दिलेला. तुमच्या तासाला दुसऱ्या कॉलेजातलं सोडा, आपल्याच कॉलेजातलं किती येतं?

आणि फुल्यांचं काय? 1882 साली हंटर कमिशनपुढं जोतीरावांनी जे निवेदन दिलं त्यात त्यांची एक तक्रार मास्तरांचीच होती. प्राथमिक शाळेतले मास्तर बहुतेक ब्राह्मण, ते ह्या पोरांत मिसळत नाहीत, म्हणून शेतकरी वर्गातलेच शिक्षक तयार करा, ज्यांना पोरांच्या गरजा कळतील. हा सगळ्या बहुजन पोरांच्या वतीनं दिलेला अभिप्राय होता, आणि सरकारच्या तोंडावर दिलेला. त्याच्याही आधी, 1855 साली त्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांगाची पोरगी, मुक्ता साळवे, मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते आणि तो 'ज्ञानोदया'त छापून येतो. चौदा वर्षांच्या पोरीला काय कळतं, असं जोतीराव-सावित्रीबाई म्हणाले असते तर?

आणि हल्लीचं घ्या. दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कसं वागवतात हे बघायला सुखदेव थोरातांची समिती बसली. तिनं पोरांना विचारलं. पोरं बोलली : मास्तर आम्हाला वेळ देत नाहीत, तोंडी परीक्षेत जात आडवी येते. 2007 मध्ये अहवाल आला आणि संस्थेनं तो मानायचं नाकारलं. म्हणजे पोरांना कळत नाही हे खोटं. पोरांना कळतं, आणि ऐकणाऱ्याला ते परवडत नाही.

तरी त्या सरांच्या रागात एक खरी गोष्ट आहे, ती मी लपवत नाही. फीडबॅक हे दुधारी हत्यार आहे. कायम नोकरीतल्या देशपांडे-पाटलांचे गठ्ठे कपाटात जातात आणि कुलूप लागतं. तासिकेवरच्या, सीएचबीवाल्या मास्तरचे गठ्ठे मात्र मे महिन्यात बरोबर बाहेर निघतात. 'उच्चार गावठी आहेत.' 'इंग्रजी येत नाही.' 'कोट्यातले वाटतात.' हेही विद्यार्थीच लिहितात, आणि पहिल्या बाकावरचे लिहितात. मी स्वतः सीएचबीवर आहे. मला हे वाचून दाखवलंय. म्हणून ज्याला विचारल्यावर आपली नोकरी जाते आणि दुसऱ्याची बढती होते असला फॉर्म मला नकोय. पण फॉर्म नको म्हणजे विचारणंच नको? हे कुठलं लॉजिक?

मग मी काय केलं ते सांगतो.

सहामाहीच्या मधोमध, इंटर्नलच्या आधी नाही, इंटर्नलचे मार्क भिंतीवर लागल्यावर, मी वर्गात वहीची पानं फाडून वाटली. नाव नाही, रोल नंबर नाही. अक्षर ओळखू येईल म्हणून डाव्या हातानं लिहिलं तरी चालेल म्हटलं. एकच प्रश्न : कुठं सुटलं? एका पोराला उठवून सगळ्या चिठ्ठ्या खोक्यात गोळा करायला लावल्या आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

घरी चिठ्ठ्या उघडल्या. बऱ्याचशा कोऱ्या. काहींत 'सर बेस्ट'. च्यायला, इथंही चार. एकीत, तुम्ही फळ्यावर लिहिता आणि लगेच पुसता. बरोबर. एकीत, तुम्ही शुद्ध बोलायला लागलात की झोप येते, मधेच घरच्यासारखं बोलता तेव्हा कळतं. हेही बरोबर, आणि जरा झोंबलंच, कारण ते शुद्ध मी घासून घासून कमावलंय.

मग ही : सर तुम्ही पहिल्या दोन बाकांकडं बघून शिकवता.

आणि शेवटची : सर, जीओआयवाले उभे राहा असं वर्गात म्हणू नका.

दोस्तांनो, मी हे म्हणालो होतो. ऑगस्टात ऑफिसातनं यादी आली, महाडीबीटीचे फॉर्म कुणाचे राहिलेत बघा. मी यादी हातात घेऊन पटकन म्हणालो. अकरावीत मला असंच उभं केलं होतं. सगळा वर्ग वळून बघत होता. त्या दिवशी मी ठरवलं होतं की आपण मास्तर झालो तर हे करायचं नाही. झालो आणि केलं. जय भीम म्हणणाऱ्या मास्तरनं केलं. कुठल्या नॅकच्या फॉर्ममध्ये हे मला सापडलं असतं?

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठ्या वर्गात मोठ्यानं वाचल्या. जीओआयची नाही वाचली, वाचली असती तर पुन्हा सगळे वळून बघू लागले असते. नुसतं सांगितलं की एक चूक माझी झालीय, परत होणार नाही, यादी आता ऑफिसबाहेर नंबर टाकून लागेल. फळा हळू पुसेन म्हटलं. नोट्स द्या अशा ढिगानं चिठ्ठ्या होत्या, त्यांना नाही म्हटलं आणि का नाही ते अर्धा तास सांगितलं. मागनं एकजण बोलला, सर, मग झेरॉक्स तरी. वर्ग हसला. तो पोरगा जुलैपासून पहिल्यांदा बोलला होता.

तर सर, तुमच्याशी माझं भांडण एवढंच. तुम्ही एकोणतीस वर्षं शिकवताय, शिबिरं घेताय, आमच्यासमोर तीन-तीन तास बोलताय. आम्ही खाली सतरंजीवर. शेवटी प्रश्न असतील तर विचारा म्हणता आणि घड्याळ बघता. आमच्यातल्या अर्ध्यांना तुमचं भाषण समजत नाही आणि कुणी सांगत नाही, कारण तुमच्यासमोर बोलायची आमची टाप नाही. ही टाप कुणी काढून घेतली, ते तुम्ही तपासा.

पुढच्या रविवारच्या अभ्यासमंडळात बोलणारा मी आहे. दारात खोकं ठेवलेलं असेल, पेन्सिली मी आणतो. त्यानंतरचा रविवार तुमचा आहे सर. खोकं तिथंच राहील.