इंग्रजी शब्द निवडताना

सोसायटीचे सेक्रेटरी पोलीस ठाण्याला इंग्रजीत पत्र लिहायला बसले आहेत असं समजा. पार्किंगमधल्या गाड्यांच्या बॅटऱ्या चोरीला गेल्या आहेत आणि रात्रपाळीच्या वॉचमनवर संशय आहे. मनातलं मराठी वाक्य असं: 'त्यानंच बॅटऱ्या नेल्या असाव्यात असा आम्हाला संशय आहे.' संशय म्हणजे डाउट, हे शाळेपासून पाठ. तेव्हा पत्रात उतरतं, 'वी डाउट दॅट ही टुक द बॅटरीज.' या वाक्याचा इंग्रजीत अर्थ होतो, त्यानं बॅटऱ्या नेल्या असतील असं आम्हाला वाटत नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्याच्याच बाजूनं साक्ष दिली गेली. इथे सस्पेक्ट हवा होता. एखादी गोष्ट खरी नसावी असं वाटणं म्हणजे डाउट, आणि ती खरी असावी असं वाटणं म्हणजे सस्पेक्ट. दोन्ही शब्दांपुढे डिक्शनरीत 'संशय' छापलेलं असतं, पण वाक्यात गेले की ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभे राहतात.

बँकेला, विमा कंपनीला, मुलांच्या शाळेला, ऑफिसातल्या साहेबांना ज्यांना इंग्रजीत लिहावं लागतं, त्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. दोन इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द एकच सापडला, म्हणून ते शब्द एकच आहेत असं धरून चालू नका. कोणता शब्द कोणासोबत वावरतो, कोण कोणाला बोलताना तो वापरतो, हे पाहिल्याशिवाय तो कागदावर उतरवू नका.

ही चूक हुशारी कमी असल्यामुळे होत नाही. आपली 'शंका' दोन कामं करते. शंका येते आणि शंका विचारताही येते. म्हणून भारतभर वर्गावर्गांत मुलं हात वर करून 'सर, आय हॅव अ डाउट' म्हणतात आणि सरांना ते बरोबर कळतं. आपल्या आपल्यात त्यात काही बिघडत नाही. पण लंडनच्या किंवा शिकागोच्या सहकाऱ्याला 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर प्लॅन' असं लिहिलंत, तर तुमच्या योजनेवर माझा भरवसा नाही, असं तो वाचेल. तुम्हाला फक्त काहीतरी विचारायचं होतं. तिथे 'क्वेश्चन' लिहा. तसंच 'मागणी'चं. रजेची मागणी केली म्हणून 'आय डिमांडेड लीव्ह' लिहिलं की त्यात दरडावल्याचा सूर येतो. 'रिक्वेस्टेड' लिहिलं की सूर ताळ्यावर येतो. दिलगिरी आणि माफी यांतलं अंतर मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही, जवळपास तेच अंतर रिग्रेट आणि अपॉलॉजाइज यांच्यात आहे. चूक तुमची असेल तर 'वी रिग्रेट' म्हणून सुटू नका.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती दवाखान्यातल्या इंग्रजीची. मुलं परदेशी, आईवडील सहा महिने तिकडे राहायला गेलेले, आणि एके दिवशी डॉक्टरसमोर बसायची वेळ येते. दुखण्यासाठी आपल्याकडे केवढे शब्द आहेत. गळू ठुसठुसतं, दात ठणकतो, पोटात कळ येते, पाठीत चमक भरते, पायाला पेटके येतात, छातीत जळजळतं, चालून चालून पायांना रग लागते. हे सगळं माहीत असलेली बाई इंग्रजीत मात्र 'पेन' एवढंच म्हणून थांबते, आणि डॉक्टर विचारतात, 'शार्प ऑर डल?'

हे ते उगाच विचारत नाहीत. दुखण्याची जात कळली की कारणाचा माग लागतो. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेल्झॅक या मानसशास्त्रज्ञानं रुग्ण आपलं दुखणं कोणत्या शब्दांत सांगतात याचा अभ्यास केला आणि 1975 मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेचे 78 शब्द 20 गटांत लावलेले आहेत, आणि रुग्णानं आपल्याला लागू पडणारे शब्द निवडायचे असतात. त्यांतले निम्मे तरी आपल्या आज्ज्यांना अनुभवानं ठाऊक असतात, फक्त मराठीतून. ठणका म्हणजे थ्रॉबिंग. चमक किंवा सणक म्हणजे शूटिंग. जळजळ म्हणजे बर्निंग. पेटका म्हणजे क्रॅम्प. अंग आंबल्यासारखं एकसारखं दुखत असेल तर एकिंग. डल म्हणजे तीव्र नसलेलं पण रेंगाळणारं दुखणं.

काही ठिकाणी ही निवड तातडीची असते. 'हात गेल्यासारखा वाटतोय' असं आपण म्हणतो, पण डॉक्टरांना दोन वेगळ्या गोष्टी कळायला हव्या असतात. स्पर्श कळत नसेल तर नम. हात उचलवत नसेल, पकड सुटत असेल तर वीक. दोन्ही होत असेल तर दोन्ही शब्द सांगा, आणि अशा वेळी वाट पाहू नका. चक्कर हा असाच फसवा शब्द. घर भोवती फिरतंय असं वाटत असेल तर 'द रूम इज स्पिनिंग' म्हणा, डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता पडतो की काय असं होत असेल तर 'आय फील फेंट' म्हणा. एकाची चौकशी बहुधा कानापासून सुरू होते, दुसऱ्याची रक्तदाब आणि हृदयापासून. हृदयविकारात तर पुष्कळ माणसांना दुखतच नाही, छातीवर दडपण आल्यासारखं, आवळल्यासारखं वाटतं. 'चेस्ट पेन?' असं विचारल्यावर अशी व्यक्ती प्रामाणिकपणे 'नो' म्हणते आणि मोलाचा वेळ जातो. प्रेशर, टाइटनेस, हेवीनेस हे तीन शब्द घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला माहीत असू द्या.

सांत्वनाच्या पत्राकडेही जरा पाहा. मराठीत आपण 'तुमचे वडील मेले' असं कधी म्हणणार नाही. गेले, वारले, निधन झालं, देवाज्ञा झाली, यांतला कोणता शब्द कुठे शोभतो हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीत मात्र आपण सर्रास 'एक्स्पायर्ड' लिहितो. इंग्लंड-अमेरिकेतल्या कानाला तो औषधाच्या बाटलीवरचा किंवा इस्पितळाच्या नोंदवहीतला शब्द वाटतो. दुःखात असलेल्या माणसाला लिहिताना 'पास्ड अवे' बरं, आणि साधं 'डाइड' लिहिण्यातही काही वावगं नाही. लग्नाच्या बायोडेटातलं 'होमली' असंच तपासून घ्या. आपल्याकडे तो घरंदाज, घर सांभाळणारी अशा कौतुकाच्या अर्थानं लिहितात, अमेरिकेत 'होमली' म्हणजे दिसायला बेताची. स्थळ तिकडचं असेल तर हा शब्द काढून टाका.

भारी शब्द वापरला की आपलं इंग्रजी भारी दिसतं, हा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे. त्यानं नुकसान होतं. इंग्रजीत एकाच अर्थाचे इतके शब्द असण्यामागे इतिहास आहे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबाराची आणि सत्तेची भाषा फ्रेंच झाली, चर्च आणि विद्येची भाषा लॅटिन होतीच, आणि खाली सामान्यांची इंग्रजी चालू राहिली. म्हणून आस्क हा घरातला शब्द, क्वेश्चन जरा चौकशीचा, आणि लॅटिनमधून आलेला इंटरोगेट थेट पोलिसी. 'द टीचर इंटरोगेटेड माय सन' लिहिलंत तर शाळेत काही गंभीर प्रकार झाला असं समोरचा समजेल. घर आणि गृह यांचा अर्थ एकच असला तरी आपण गृहपाठ म्हणतो आणि 'मी गृही जातो' म्हणत नाही, ते अशाच फरकामुळे.

भारी शब्द शोधायला पुष्कळ जण थिसॉरस उघडतात. पीटर मार्क रॉजे हा पेशानं डॉक्टर. त्याचा थिसॉरस 1852 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात शब्द कल्पनांनुसार एकत्र आणले होते, अर्थ दिलेले नव्हते. ओळखीचा पण ऐनवेळी न आठवणारा शब्द सापडायला हे पुस्तक उत्तम. अनोळखी शब्द तिथून उचलून थेट पत्रात घालू नका, कारण शेजारी शेजारी छापलेल्या शब्दांतला फरक ते सांगत नाही.

तो फरक सांगणारी डिक्शनरी वेगळी. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. परक्या भाषेतल्या विद्यार्थ्याला अर्थापेक्षा वापर अडतो हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखलं आणि तशी डिक्शनरी रचली. ती 1942 मध्ये टोकियोत निघाली, 1948 मध्ये ऑक्सफर्डनं छापली, आणि आज 'ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' या नावानं फोनवरही मिळते. तीत शब्द काढलात की अर्थ वाचून थांबू नका, खालची उदाहरणं वाचा. चहा कडक असला तरी तो स्ट्राँग टी, हार्ड टी नव्हे. पाऊस हेवी, वारा स्ट्राँग. आपण पोळी लाटतो आणि भाकरी थापतो, तशा या जोड्या ठरलेल्या आहेत. त्यांना नियम विचारत बसण्यात अर्थ नाही, जोडी उचलायची. भाषांतराचं ॲप वापरत असाल तर सुटा शब्द देऊ नका, पूर्ण वाक्य द्या, आणि आलेलं इंग्रजी पुन्हा मराठीत करून बघा. सेक्रेटरींचं ते 'डाउट'चं वाक्य या उलट तपासणीत बहुधा सापडलं असतं. एवढं करूनही दोन शब्दांत ठरत नसेल, तर त्यातला साधा घ्या.

शिक्षकांकडे एक मागणं आहे. फळ्यावर 'से, टेल, स्पीक, टॉक – बोलणे, सांगणे' अशी ओळ लिहून पाठ करायला देऊ नका. चार वाक्यं लिहा. टेलच्या मागे बहुधा माणूस लागतो: टेल मी, टेल युअर मदर. सेच्या मागे बोललेली गोष्ट येते, म्हणून 'ही सेड मी' चुकतं आणि 'ही टोल्ड मी' बरोबर ठरतं. भाषा बोलता येते ती स्पीक, गप्पा मारायच्या त्या टॉक. मग पोरांनाच प्रत्येकाचं एकेक नवं वाक्य करायला सांगा आणि वर्गात मोठ्यानं वाचून घ्या.