भिजलेली किल्ली आणि कोरडी उत्तरं

किल्ली भिजली म्हणून गाडी उघडत नाही, हे ऐकून माझ्या आजोबांना हसू आवरलं नसतं. त्यांच्या काळी किल्ली विहिरीत पडली तर गळ टाकून काढायचे, धोतराला पुसायचे आणि कुलूप उघडायचे. आज दहा-बारा लाखांच्या गाडीची किल्ली खिशातल्या खिशात पावसाने भिजते आणि मालक स्वतःच्याच गाडीबाहेर उभा! वर ऐकून काय घ्यायचं, तर "साहेब, किल्लीला पाणी लागू द्यायचं नसतं."

का बुवा? आपण काय वाळवंटात राहतो? महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कोकणात आणि मुंबईत जुलै महिन्यात छत्री असूनही माणूस कमरेपर्यंत भिजतो. अशा मुलखात विकायच्या वस्तूला पाण्याचं वावडं असेल तर दोष पावसाचा की वस्तूचा? मनगटावरचं घड्याळ पाण्यात चालतं. फोन पाण्यात बुडवून जाहिराती करतात. आणि किल्ली, जी माणूस चोवीस तास अंगावर बाळगतो, ती मात्र बहुतेक वेळा प्लॅस्टिकची दोन टरफलं एकमेकांवर दाबून बसवलेली. मधे एक धड रबरी कडी बसवायला असा काय खर्च येतो?

माझ्या किल्लीचं गेल्या पावसाळ्यात हेच झालं. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलाने ती उघडूनही बघितली नाही. फॉर्मवर 'वॉटर डॅमेज' लिहिलं, वॉरंटीत बसत नाही म्हणाला आणि नवी किल्ली प्रोग्रामिंगसकट बारा हजार सांगितली. आत नक्की काय बिघडलंय, असं विचारलं तर उत्तर आलं, "सर, किल्ली रिपेअर होत नाही, रिप्लेस होते." पोरगा बिचारा हुकमाचा ताबेदार, त्याच्यावर राग नाही. राग त्या वाक्यावर आहे, कारण ते वाक्य धादांत खोटं आहे.

त्या टरफलात असतं तरी काय? एक छोटं सर्किट, दोन-तीन बटणं आणि तीन व्होल्टचा एक चपटा सेल, बहुतेक वेळा सीआर २०३२, जो कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. नुसतं पाणी काही लगेच सर्किट मारत नाही. पाण्यात क्षार असतात, सेल चालूच असतो, त्यातून प्रवाह वाहतो आणि तांबं गंजायला लागतं. हिरवट-पांढरी बुरशी दिसते ना, ती हीच. म्हणून पहिलं काम एकच: सेल बाहेर काढायचा. 'चालते का' म्हणून बटणं दाबत बसायचं नाही. समुद्राचं किंवा गढूळ पाणी असेल तर सर्किट आधी डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं (होय, पाण्याने गेलेली वस्तू पाण्यानेच धुवायची!), मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश, मग एक-दोन दिवस पंख्याखाली. हेअर ड्रायरचा कडक झोत नको, रबर आणि प्लॅस्टिक वाकडं होतं. आणि कृपा करून तांदळाच्या डब्यात नको. तांदूळ गंज काढत नाहीत, उलट पीठ आणि कण आत जातात. ॲपलनेसुद्धा २०२४ साली फोन तांदळात ठेवू नका असं लिहून सांगितलं. तांदूळ भातासाठी असतात.

माझं काम शेवटी गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने केलं. त्याने किल्ली उघडली, गंज ब्रशने साफ केला, एक मेलेलं बटण बदलून नवं डकवलं, नवा सेल घातला. तीनशे रुपये. चहा त्यानेच पाजला.

आता कुणी म्हणेल, अहो पण सुरक्षितता? चोरांच्या हाती किल्ल्या बनवायचं तंत्र गेलं तर? मुद्दा रास्त आहे. इंजिन चालू होण्यासाठी किल्लीतल्या चिपची ओळख पटावी लागते, ही व्यवस्था चांगलीच आहे आणि नवी किल्ली गाडीशी जुळवण्याचं काम कुणाही ऐऱ्यागैऱ्याच्या हाती नसावं हेही मान्य. पण सर्किटवरचा गंज पुसायला कुठलं गुपित लागतं? सेल काढला म्हणून चिपमधला संकेत सहसा पुसला जात नाही. इतकंच काय, खाचेत घालून फिरवायच्या बऱ्याच किल्ल्यांमधल्या चिपला सेल लागतच नाही. तिला वीज गाडीकडून मिळते, म्हणून रिमोट मेला तरी गाडी चालू होऊ शकते. बटणाच्या गाड्यांमध्येही मेलेली किल्ली ठरलेल्या जागी धरली की बहुधा इंजिन चालू होतं, आणि दार उघडायला किल्लीच्या पोटात एक साधं पातं लपवलेलं असतं. हे सगळं गाडीच्या पुस्तिकेत असतं. काउंटरवर कुणी सांगत नाही, कारण सांगितलं तर बारा हजारांची घाई उरत नाही.

हा माझ्या एकट्याचा कांगावा नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. कारण? सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना खुली न करणं. मग नेहमीप्रमाणे अपिलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तिच्या यादीत मोटारगाड्याही होत्या आणि डिसेंबरात पोर्टलही निघालं. छान झालं. पण पोर्टल काही आपल्याबरोबर काउंटरवर येऊन उभं राहत नाही. तिथे अजूनही 'रिप्लेस' हा एकच शब्द. आणि आता तर विमा कंपन्या किल्लीचं वेगळं कवच विकतात. म्हणजे वस्तू पावसात टिकेल अशी बनवायची नाही, बिघडली तर उघडायची नाही, आणि भीती वाटत असेल तर दरवर्षी हप्ता भरा!

मला फुकट काही नको. बिलावर 'किल्ली उघडून तपासणी व सफाई' अशी एक ओळ हवी, तिचा वाजवी दर हवा आणि साफ करूनही नाही चालली तर मग खुशाल नवी घ्या म्हणावं. तोवर 'होत नाही' म्हटलं की मी तरी विचारणार, "उघडून बघितलीत का?"

ता. क. - कपाटात पडलेल्या दुसऱ्या किल्लीचा सेल आजच बदलून घ्या. दोन्ही किल्ल्या गेल्या तर तो बारा हजारांचा आकडा आणखी फुगतो.