शपथ आणि सोबत

आमच्या बेल्याच्या पंचक्रोशीत दारू सोडण्याचा सर्वमान्य उपाय म्हणजे शपथ. कुणी कुलदैवताची घेतो, कुणी गळ्यात तुळशीची माळ घालतो, तर कुणी पोटच्या लेकराच्या मस्तकावर हात ठेवतो. काही वर्षांपूर्वी अशी एक शपथ मी स्वतःच घ्यायला लावली. सहावीतल्या एका विद्यार्थ्याचे वडील गुडुंब्याच्या आहारी गेले होते. कापूस विकून आलेला पैसा घरी पोहोचत नसे. मी त्यांना शाळेत बोलावले आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला सांगितले. ते रडले; मीही गहिवरलो. एक संसार सावरला, या समाधानात त्या रात्री मला शांत झोप लागली.

वीस दिवसांनी शपथ मोडली. मुलगा शाळेत येईनासा झाला. मी घरी गेलो. ताप साधाच होता, पण डोळ्यांत विलक्षण भीती होती. त्याने हळूच विचारले, "गुरुजी, बाबानं शपथ मोडली. आता मी मरतो का?"

मी त्याला जवळ घेऊन समजावले खरे. पण बापाच्या व्यसनाचे ओझे लेकराच्या डोक्यावर ठेवणारा मीच होतो.

मग मी या विषयाकडे नव्याने पाहू लागलो. 1935 साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोन मद्यपी भेटले आणि परस्परांच्या आधाराने सावरले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. तेथे जन्मभराची प्रतिज्ञा कुणी मागत नाही. आजचा दिवस दारूविना काढायचा, एवढेच. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने 1986 साली 'मुक्तांगण' सुरू केले. तेथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्याने आलेल्यांना हात देतात, आणि पत्नीलाही उपचारात सामील करून घेतले जाते.

व्यसन हा आजार आहे, हे एकदा मान्य केले की पुढचे सारे बदलते. जुन्या मद्यप्याने एकाएकी दारू थांबवली तर हात कापतात, झटके येतात, भ्रम होतो. प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून आधी डॉक्टर. पुढे भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा सांभाळायच्या. बाजाराच्या दिवशी गुत्त्याची वाट टाळायची. तल्लफ आली की सोबत्याला गाठायचे. ती लाटेसारखी चढते आणि थोड्या वेळाने ओसरते. पाय घसरलाच, तर लपवायचे नाही, पुन्हा उठायचे.

तुळशीची माळ अनेकांना तारते, हे मी पाहिले आहे. पण तारतो तो केवळ मणी नव्हे. माळेबरोबर येणारी भजनी मंडळी आणि दिंडीतली सोबत तारते.

ते वडील उपचारांना गेले, एकदा घसरले, पुन्हा सावरले. मुलगाही शाळेत येऊ लागला.

वाचकहो, आपल्या घरात असे कुणी असेल, तर त्याला शपथ घालू नका. संध्याकाळी जवळ बसा आणि एवढेच विचारा, "आजचा दिवस कसा गेला?"