चिकित्सा शिकवायची, तर आपल्या गोष्टींपासून



आपली मुले आठवडाभर अमेरिकन शाळेत जातात, रविवारी मराठी शाळेत येतात आणि उरलेला वेळ फोनवर असतात. या तिन्हींपैकी त्यांची मते कुठे घडतात हे सांगायला नको. गोऱ्या वंशश्रेष्ठत्वाचा प्रचार, मुलींचा द्वेष करायला शिकवणारे 'गुरू' आणि मायदेशातून येणारे 'त्यांच्यापासून सावध राहा' छापाचे व्हिडिओ, हे सगळे एकाच पडद्यावर मिळते. आपण घाबरतो. मग फोन काढून घेतो, नाहीतर आपली पुरोगामी मते त्यांच्या गळी उतरवायला बघतो. माझ्या मते हे दोन्ही उपाय तोकडे आहेत. दुसऱ्याचा खोटेपणा पकडायला मुले लवकर शिकतात. आपल्याला आवडणाऱ्या गोष्टीचा पुरावा मागणे मात्र त्यांनाच काय, आपल्यालाही जड जाते. अतिरेकी विचार नेमका तिथूनच आत शिरतो.

मी राहतो त्या बे एरियात, पालो अल्टोच्या कबर्ली हायस्कूलमध्ये, एप्रिल १९६७ मध्ये घडलेली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. रॉन जोन्स नावाचे शिक्षक मुलांना नाझी जर्मनीचा इतिहास शिकवत होते. 'सामान्य जर्मन माणसांनी हे चालू कसे दिले?' हा प्रश्न वर्गात निघाला. जोन्स यांनी उत्तर देण्याऐवजी वर्गात कडक शिस्त सुरू केली. ताठ बसायचे, उभे राहून थोडक्यात उत्तर द्यायचे. मग घोषणा आली, खास सलाम आला, सभासदांची कार्डे आली, नियम मोडणाऱ्याची चुगली करणारेही आले. दुसऱ्या वर्गांतली मुले येऊन सामील होऊ लागली. पाचव्या दिवशी सगळ्यांना सभागृहात जमवून जोन्स यांनी सांगितले की, अशी कोणतीही चळवळ अस्तित्वात नाही, आणि मग नाझी राजवटीची फिल्म दाखवली.

हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हता. त्याची हकीकत मुख्यतः जोन्स यांनीच नंतर लिहिली, आणि मुलांना असे फसवणे आज कोणी मान्य करणार नाही. पण एक गोष्ट विसरता येत नाही. ही मुले अडाणी नव्हती. ती त्याच आठवड्यांत नाझींचा इतिहास शिकत होती! माहिती त्यांच्याकडे होती. तिने त्यांना वाचवले नाही. आपण कोणाचे तरी आहोत, कशात तरी सामील आहोत, ही भावना माहितीपेक्षा बलवान ठरली.

मग उपयोग कशाचा होतो? माझे उत्तर असे की, निष्कर्षांपेक्षा पद्धत शिकवण्याचा. पालो अल्टोला लागूनच असलेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षे काम केले. २०१८-१९ मध्ये त्यांनी ३,४४६ हायस्कूल विद्यार्थ्यांना फेसबुकवरचा एक निनावी व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतल्या मतदानात घोटाळा झाल्याचा त्यात दावा होता. निम्म्याहून अधिक मुलांना तो भक्कम पुरावा वाटला. प्रत्यक्षात तो रशियात चित्रित झाला होता. समोर इंटरनेट असूनही त्याचे मूळ शोधून काढणारी मुले किती? फक्त तीन.

याच गटाच्या दुसऱ्या एका अभ्यासात इतिहासाचे विद्वान, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे व्यावसायिक यांची तुलना केली होती. विद्वान आणि विद्यार्थी एकाच पानावर खिळून राहिले आणि पुष्कळदा फसले. व्यावसायिकांनी ते पान लगेच सोडले आणि 'हे लिहिणारा कोण?' ते दुसरीकडे जाऊन पाहिले. ही सवय साधी आहे. ती शिकवता येते.

पण ती कशावर शिकवायची? मी म्हणतो, शिवरायांपासून सुरुवात करा. आमच्या मराठी शाळेत चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांना मी एकच प्रश्न दिला: महाराजांचा जन्म कधी झाला? एका बाजूला उत्तरकालीन बखरींवरून रूढ झालेले १६२७ साल. दुसऱ्या बाजूला फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. ही तिथी लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत आहे, महाराजांच्या हयातीतच लिहिलेल्या परमानंदांच्या 'शिवभारता'त आहे आणि जोधपूरकडे सापडलेल्या कुंडलीशीही ती जुळते. कोणते साधन घटनेच्या जवळचे? एकमेकांपासून स्वतंत्र असलेली साधने कुठे जुळतात? मुले तासभर भांडली आणि १६३० वर आली. एका मुलीने विचारले, "मग माझे आजोबा खोटे सांगतात का?" छान प्रश्न होता. आजोबा खोटे सांगत नाहीत. त्यांच्या पुस्तकात छापले होते ते सांगतात. माणसाचा मान राखूनही त्याचे म्हणणे तपासता येते, एवढे त्या दिवशी तिला कळले असेल तर मला पुरे आहे.

काही पालक म्हणतात, अशाने मुले शंकेखोर होतील. उलट आहे. कटकारस्थानांच्या कथा सांगणारेही 'प्रश्न विचारा' असेच म्हणतात, पण कोणता पुरावा मिळाला तर आपले मत बदलेल, हे ते कधीच सांगत नाहीत. सगळ्याच बाजू सारख्या नसतात आणि चांगल्या पुराव्याने वाद मिटू शकतो, हे या जन्मतिथीवरून शिकता येते. काही म्हणतात, भावना दुखावतील. भावनांचा निवाडा जमावाकडे दिला की काय होते ते आपण ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात पाहिले. एका पुस्तकाच्या रागापायी भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत नासधूस झाली, म्हणजे इतिहास जिथे जपला होता तिथेच घाव बसला.

आता थोडे आपल्याविषयी. १६६५ मध्ये औरंगजेबाच्या वतीने महाराजांवर चालून आलेला आणि पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले घेणारा सेनापती मिर्झाराजे जयसिंग होता, आणि महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, हे आपण मुलांना आवर्जून सांगतो. सांगावेच. पण तेवढ्यावर सतराव्या शतकातल्या राजाला आजचा सेक्युलर बिल्ला लावला, तर आपणही सोयीचाच इतिहास शिकवतो.

जर्मनीने यावर विचार केला आहे. १९७६ मध्ये बॉइटेल्सबाख या गावी झालेल्या परिषदेतून राजकीय शिक्षणाची तीन तत्त्वे पुढे आली. विद्यार्थ्यावर मत लादू नये. समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे. आणि स्वतःचे हित ओळखून सार्वजनिक जीवनात भाग घेण्याची क्षमता विद्यार्थ्यात यावी. प्रचाराची ताकद भोगलेल्या देशाने चांगल्या हेतूच्या प्रचारावरही लगाम घातला, हे मला फार मोलाचे वाटते.

शेवटी पुन्हा त्या आपलेपणाच्या भुकेकडे यावे लागते. नुसत्या तर्काने ती भागत नाही. प्रश्न विचारला म्हणून जिथे जागा जात नाही, असा एक तरी घोळका मुलाला हवा. गणेशोत्सवात, मराठी शाळेत, जेवणाच्या टेबलावर आपण तो देऊ शकतो. पुढच्या वेळी घरच्या ग्रुपवर एखादा जळजळीत मेसेज आला, तर तो मुलांपासून लपवू नका. शेजारी बसून दोघांनी मिळून त्याचे मूळ शोधा. आणि तो आपल्या बाजूचा असेल, तर अगदी नक्की शोधा.