घासू नका हो!

दिवाळीत समया चिंचेने खुशाल घासाव्यात; जुन्या रायफलीला पॉलिश-पेपर लावू नये. एका प्रदर्शनात बंगालातील इशापूरची ‘थ्री-नॉट-थ्री’ पाहिली. आरशासारखी लख्ख, दस्त्याला व्हार्निश! संयोजक मिशीत हसत होते.

अहो, दस्त्याच्या तोंडाशी, उजव्या अंगाला मुकुट, सम्राट जॉर्जची अक्षरे, कारखान्याचे नाव आणि साल ठोकलेले असते. तोच तिचा जन्मदाखला! स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, अशोकाचे सिंह आले. तेच तुम्ही खरवडलेत. आता ही १९४२ ची की १९५२ ची, कोणी सांगावे? कोरडे फडके नि थोडे तेल पुरले असते.

उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी तिला निरोप दिला. त्यांतल्या काही काचेच्या कपाटांत येतील. तेव्हा पॉलिशवाल्याला दारातच अडवा.