उखडलेल्या रुळांची राखीव जमीन

अमेरिकेच्या केंद्रीय वाहतूक खात्याने सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलमार्ग व पादचारी मार्ग यांच्या काही योजनांना पूर्वी मंजूर केलेली अनुदाने मागे घेतली. काही ठिकाणी त्याचे कारण असे देण्यात आले की, या योजना मोटारवाहतुकीला प्रतिकूल आहेत. त्यापूर्वी दोनच महिने, जुलैमध्ये संमत झालेल्या बहुचर्चित कर व खर्चविषयक कायद्याने, वस्त्यांना परस्परांशी जोडण्यासाठी राखून ठेवलेल्या निधीपैकी करारबद्ध न झालेली शिल्लक रद्द केली होती. अमेरिकेच्या अवाढव्य अंदाजपत्रकात या रकमा नगण्यच म्हणाव्या लागतील. तथापि त्यांच्यामागे उभा असलेला प्रश्न नगण्य नाही. बंद पडलेल्या लोहमार्गाच्या जमिनीचे काय करावे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नावर त्या देशात साठ वर्षे वाद चालू आहे. आणि त्या वादातून निघालेले उत्तर इतर देशांनीही अभ्यासावे असे आहे.

अमेरिकेतील लोहमार्गांचे जाळे १९१६ च्या सुमारास आपल्या परमोच्च विस्ताराला पोहोचले. त्या वेळी त्याची लांबी २,५४,००० मैल, म्हणजे चार लाख किलोमीटरांहून अधिक होती. आज त्यातील निम्म्याहून थोडे अधिक मार्ग उरले आहेत. मालमोटारी व खाजगी मोटारी यांच्या स्पर्धेपुढे शाखामार्ग टिकले नाहीत. १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने रेल्वे कंपन्यांवरील निर्बंध सैल केले, तेव्हा तोट्यातील मार्ग सोडून देण्याची प्रक्रिया अधिकच वेगाने होऊ लागली. जे मार्ग गेले त्यांतील सुमारे ४० हजार किलोमीटरांवर आज सायकली चालतात. विस्कॉन्सिन राज्यातील एलरॉय ते स्पार्टा हा तीन बोगद्यांचा, सुमारे ५१ किलोमीटरांचा मार्ग या प्रकारातील अगदी आरंभीचा. गाडी बंद झाली १९६४ मध्ये आणि दशक संपण्यापूर्वीच तेथे सायकली धावू लागल्या.

या वाटांचे वैशिष्ट्य लोहमार्गाच्या अभियांत्रिकीतच आहे. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ मानवत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकातील अभियंत्यांनी डोंगर फोडले, दऱ्या भरल्या, नद्यांवर पूल बांधले आणि शंभर मीटर अंतरात दोन मीटरांहून अधिक चढ शक्यतो येऊ दिला नाही. इंजिनाला जे सोसत नव्हते, ते सामान लादलेल्या सायकलीलाही सोसत नाही. मेरिलँडमधील कंबरलंड ते पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्ग हा २४० किलोमीटरांचा ‘ग्रेट ॲलेगेनी पॅसेज’ याचे उत्तम उदाहरण होय. कंबरलंडहून सकाळी निघालेला सायकलस्वार ३८ किलोमीटर चढत राहतो, एक किलोमीटर लांबीच्या बिग सॅव्हेज बोगद्यातून बाहेर पडतो आणि सुमारे ७३० मीटर उंचीवरील जलविभाजक ओलांडतो. तेथून पिट्सबर्गपर्यंत उतारच उतार. चाळिशी-पन्नाशीतला, व्यायामाची फारशी सवय नसलेला मनुष्यही दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर जाऊ शकतो, तो या चढाच्या सौम्यपणामुळे.

परंतु साठ-सत्तर किलोमीटर गेल्यावर रात्र येते, आणि अर्थशास्त्राचा संबंध येथे सुरू होतो. दिवसभर फिरून संध्याकाळी मोटारीने घरी परतणारा प्रवासी वाटेतल्या गावाला एखाद्या शीतपेयाची किंमत देऊन जातो. मुक्काम करणारा मात्र रात्रीचे जेवण, सकाळची न्याहारी, पंक्चरचे सामान आणि पाऊस आल्यास तंबू गुंडाळून एखाद्या घरगुती खाणावळीतली खोलीही घेतो. मायर्सडेल, कॉन्फ्लुअन्स, ओहायोपाइल, कॉनेल्सव्हिल, वेस्ट न्यूटन ही या वाटेवरील गावे कोळसा, लाकूड, कोक आणि पोलाद यांवर वाढलेली व त्यांच्याबरोबरच खचलेली. पिट्सबर्गच्या वेशीवरचा होमस्टेडचा प्रचंड पोलाद कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी या वाटेचा पहिला छोटा टप्पा ओहायोपाइलजवळ खुला झाला. हा योगायोगच, पण तो बोलका आहे. संपूर्ण वाट पिट्सबर्गच्या मध्यभागी पोहोचायला २०१३ साल उजाडले. तिच्या पुरस्कर्त्यांनी करवून घेतलेल्या एका पाहणीने २०१९ या वर्षातील आर्थिक परिणाम १२ कोटी डॉलरांवर असल्याचे सांगितले. पुरस्कर्त्यांच्या आकड्यांतून काही वजा करूनच हिशेब मांडावा हे खरे. आणि सायकलस्वारांच्या खोल्या आवरण्याचे वेतन पोलादभट्टीवरील वेतनाची बरोबरी करीत नाही, हेही तितकेच खरे. तरीपण ज्या गावातून दुकाने उठत होती तेथे चार दुकाने नव्याने उघडतात, ही गोष्ट तुच्छ लेखता येत नाही.

हीच वाट कंबरलंड येथे चेसापीक-ओहायो कालव्याच्या काठच्या वाटेला मिळते व तेथून वॉशिंग्टन २९७ किलोमीटर आहे. या कालव्याचे आणि बाल्टिमोर-ओहायो लोहमार्गाचे काम एकाच दिवशी, ४ जुलै १८२८ रोजी सुरू झाले होते. लोहमार्ग कंबरलंडला १८४२ मध्ये पोहोचला, कालवा १८५० मध्ये. शर्यत तेथेच संपली. खेचरांच्या नावा कशाबशा १९२४ पर्यंत चालल्या. पुढे कालव्याच्या जागी मोटाररस्ता करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९५४ मध्ये तो मार्ग पायी चालून जनमत जागृत केले. १९७१ मध्ये तेथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले. आज या काठावर ठरावीक अंतराने, एकूण तीसच्या आसपास, फक्त पायी वा सायकलने येणाऱ्यांसाठी मुक्कामाच्या जागा आहेत. हातपंप, एक टेबल, चूल पेटविण्याची सोय आणि शौचालय, एवढाच त्यांचा थाट. भाडे नाही, आरक्षण नाही. जो आधी येईल त्याची जागा, आणि एका जागी एकच रात्र. सार्वजनिक वस्तूचे इतके स्वस्त आणि स्वच्छ उदाहरण वर्गात शिकवायलाही सहसा सापडत नाही! पण हातपंपाचे पाणी शुद्ध ठेवणे, पुराने खचलेला काठ बांधणे, पडलेली झाडे हलविणे यासाठी माणसे लागतात. आणि राष्ट्रीय उद्यान सेवेच्या कायम नोकरवर्गात २०२५ मध्ये मोठी घट झाली आहे. फुकट दिसणाऱ्या रात्रीचा खर्च तेथे पडतो.

या सर्व व्यवस्थेचा कणा मात्र ना बोगदे ना तंबू. तो कायद्याच्या एका कलमात आहे. अमेरिकन रेल्वे कंपन्यांपैकी अनेकींनी शेतकऱ्यांकडून जमीन पूर्ण मालकीने घेतलीच नव्हती; केवळ गाडी नेण्यापुरता वहिवाटीचा हक्क घेतला होता. गाडी कायमची बंद झाली की तो हक्क संपतो आणि जमीन लगतच्या मालकांकडे जाते. म्हणजे शंभर किलोमीटरांची सलग पट्टी शेकडो तुकड्यांत विखुरते. येथे अर्थशास्त्रीय पेच असा की, त्या तुकड्यांची स्वतंत्र किंमत किरकोळ असते, सलग पट्टीची मात्र फार मोठी. आणि एकदा विखुरलेली पट्टी पुन्हा जुळवायची तर शेवटचा मालक मागेल ती किंमत मोजावी लागते. ज्या पूर्वजांनी हे मार्ग आखले त्यांना कोरी जमीन मिळाली होती. ती संधी पुन्हा येणार नाही.

१९८३ मध्ये काँग्रेसने राष्ट्रीय पदमार्ग कायद्यात दुरुस्ती करून यावर तोड काढली. एखादी शासकीय वा खाजगी संस्था मार्गाचे कर व उत्तरदायित्व स्वीकारीत असेल आणि रेल्वे कंपनीची संमती असेल, तर तो मार्ग ‘सोडून दिला’ असे मानायचेच नाही. तो भावी लोहमार्गासाठी राखीव आहे आणि तूर्त त्यावर वाट आहे, असे समजायचे. यालाच रेल-बँकिंग म्हणतात. ही कायद्याची कल्पितकथाच म्हणायची, कारण पुन्हा गाड्या सुरू झाल्याची उदाहरणे मोजकीच आहेत. परंतु कल्पितकथा म्हणून ती हिणवण्याजोगी नाही; भविष्याचा पर्याय जिवंत ठेवण्याला स्वतःचे मोल असते.

या मोलाची किंमत कोणाच्या पदरातून गेली, हा प्रश्न शेतकऱ्यांनी विचारला आणि तो रास्त होता. व्हर्मांटमधील एका दांपत्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९० मध्ये न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की कायदा वैध आहे. मात्र ज्याची जमीन परत यायची ती आली नाही, तो केंद्र सरकारकडे भरपाई मागू शकतो. त्याच दांपत्याच्या बाबतीत जमीन खरोखरच हिरावली गेल्याचे अपील न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केले. पुढे २०१४ मध्ये, वायोमिंगमधील एका प्रकरणात, १८७५ च्या कायद्याखाली सरकारी जमिनीतून दिलेले रेल्वेचे हक्कही केवळ वहिवाटीचेच होते असा निर्वाळा आठ विरुद्ध एक अशा मताने मिळाला. यामुळे भरपाईचे दावे वाढले. वाटेचे विरोधक हा खर्च सायकलस्वारांच्या खात्यावर मांडतात. वास्तविक तो एकोणिसाव्या शतकात अर्धवट दाम देऊन उरकलेल्या व्यवहाराचा उरलेला हप्ता आहे. आणि तो समाजाने भरावा, एकट्या शेतकऱ्याने नव्हे, ही न्यायालयाची भूमिका योग्यच मानावी लागेल.

बांधकामाच्या पैशाची कथा तर आणखी विलक्षण. १९९१ च्या भूपृष्ठ वाहतूक कायद्याने रस्त्यांच्या केंद्रीय निधीचा एक हिस्सा अशा कामांसाठी बाजूला काढला. म्हणजे ज्या मोटाररस्त्यांनी शाखामार्गांचा जीव घेतला, त्यांच्याच पेट्रोलकरातून त्यांच्या जागी वाटा झाल्या. आता तोच आधार डळमळत आहे. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने वाहतूकनिधीला दिलेली मुदत ३० सप्टेंबर २०२६ ही आहे आणि त्यानंतरच्या वाटपात या हिश्श्याचे काय होईल, यावर अनेक अपुऱ्या वाटांचे भवितव्य अवलंबून आहे. राज्ये तो भार उचलतील असे म्हणणे सोपे आहे. मिसुरी राज्याला केटी ट्रेलचा अनुभव आहे. ३८५ किलोमीटरांची ती वाट देशातील सर्वांत लांब वाटांपैकी एक. असे असूनही जुन्या रॉक आयलंड मार्गाची सुमारे २३० किलोमीटरांची पट्टी देणगी म्हणून पदरात पडल्यावर, राज्यपालांनी सुचविलेली बांधकामाची मोठी रक्कम विधिमंडळाने २०२२ मध्ये नाकारली. जमीन आहे, वाट नाही.

महाराष्ट्रातही रुंदीकरणामुळे वा उपेक्षेमुळे नॅरोगेज मार्ग थांबले आहेत. वऱ्हाडच्या कापसासाठी घातलेला मूर्तिजापूर-यवतमाळ हा ११३ किलोमीटरांचा ‘शकुंतले’चा मार्ग त्यांतला सर्वांत परिचित. तेथील जनतेची मागणी ब्रॉडगेजची आहे, सायकलवाटेची नव्हे, आणि ती न्याय्य आहे. परंतु रेल-बँकिंगचा आशयच असा की, आजची वाट उद्याच्या गाडीच्या आड येत नाही. उलट पट्टी मोकळी राहिल्याने गाडीचा मार्ग सुकर होतो. आपल्याकडे कायद्याने पट्टी विखुरण्याचे भय अमेरिकेइतके नाही. भय आहे ते अतिक्रमणाचे. शिवाय आपल्याकडील सायकलस्वार हा सुट्टीत तंबू घेऊन निघणारा प्रवासी नव्हे. तो दूधवाला आहे, किंवा मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळालेली आणि भरधाव ट्रकांच्या रस्त्याने शाळा गाठणारी आठवीतली मुलगी आहे. नव्या मार्गाची आखणी जेथे जुना भराव सोडून जाईल, तेथे तो भराव विकायचा की राखायचा, याचा निर्णय रूळ काढण्याच्या निविदेपूर्वी व्हावयास हवा. त्यासाठी लागणारी हद्दीची मोजणी जिल्ह्याच्या भूमिअभिलेख कार्यालयाच्या आवाक्यातली आहे.