शाळेच्या पटावर किती मुलं? हिंगोलीतल्या पालकांना हा आकडा कसा तपासता येईल?

शाळेत मुलं किती, शिक्षक किती, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का? हे प्रश्न साधे आहेत. पण हिंगोली जिल्ह्यात त्यांची उत्तरं कशी मिळतील, हे शाळा कोण चालवतं यावर अवलंबून आहे.

आकडा इतका महत्त्वाचा का?

पटसंख्येवरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरतं. पोषण आहाराचा तांदूळही त्याच हिशोबाने येतो. म्हणून आकडा फुगवण्याचा मोह होतो. शेजारच्या नांदेडमध्ये तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी पटपडताळणी केली. त्यानंतर ऑक्टोबर 2011 मध्ये ती राज्यभर झाली आणि लाखो विद्यार्थी फक्त कागदावर असल्याचं समोर आलं. 2025 मध्ये नागपूर विभागात शालार्थ आयडी घोटाळा उघड झाला, तेव्हा प्रश्न बोगस शिक्षकांचा होता.

घरबसल्या काय पाहता येतं?

देशातल्या प्रत्येक शाळेला 11 अंकी यू-डायस क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे. हिंगोलीतल्या शाळांचा क्रमांक 2716 ने सुरू होतो. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल' या विभागात शाळा शोधली की पटसंख्या, शिक्षक, वर्गखोल्या, पाणी, वीज ही माहिती दिसते. मात्र ती मुख्याध्यापकांनीच भरलेली असते. वरचे अधिकारी ती तपासतात, तरी पडद्यावरचा आकडा आणि वर्गातली हजेरी यांत फरक असू शकतो.

मग पडताळणी कोण करणार?

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पण समितीची ताकद सगळीकडे सारखी नाही:

- जिल्हा परिषद शाळा: समिती अनुदानाच्या वापरावर देखरेख ठेवते, शाळेचा विकास आराखडा करते.
- खासगी अनुदानित शाळा: शाळा संस्थेची, पगार सरकारचा. 2012 च्या दुरुस्तीनंतर इथली समिती केवळ सल्ला देऊ शकते.
- विनाअनुदानित शाळा: या कायद्यातली समितीची सक्ती लागूच नाही.

म्हणजे सरकारी पैसा जातो त्या अनुदानित शाळेतही पालकांचा अधिकार जिल्हा परिषद शाळेपेक्षा कमी आहे.

माहिती अधिकार कुठे चालतो?

सरकारकडून भरीव निधी घेणाऱ्या संस्था माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेत येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात स्पष्ट केलं. त्यामुळे अनुदानित शाळेकडे थेट अर्ज करता येतो. विनाअनुदानित शाळेची जी माहिती कायद्याने शिक्षण विभागाला मागवता येते, ती जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे मागता येते. अर्जाचं शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस.

अर्जात मुलांची नावं किंवा आधार क्रमांक मागू नका. ती खासगी माहिती आहे आणि त्या कारणाने अर्ज फेटाळला जाऊ शकतो. इयत्तावार पट, ठरावीक दिवसाची हजेरी, मंजूर आणि भरलेली शिक्षकपदं एवढं विचारा. मिळालेलं उत्तर यू-डायसच्या आकड्याशेजारी ठेवलं की फरक असेल तर लगेच दिसतो. त्या फरकाचा जाब जिल्हा परिषद शाळेत समितीच्या बैठकीत आणि इतर शाळांबाबत शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी विचारता येतो.